भारतरत्न आणि हुतात्मा चौक

माटुंगा स्थानकाच्या पूर्वेला उतरून किंग्ज सर्कलच्या दिशेने चालू लागले की, रस्त्यांच्या पाट्यांवरूनच एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा विद्वत्समाज भेटू लागतो. भांडारकर, तेलंग, चंदावरकर, भाऊ दाजी. या रस्त्यांवर आज तमिळ, गुजराती, कच्छी आणि मराठी कुटुंबे शेजारधर्माने नांदत आहेत. भांडारकर आणि चंदावरकर हे दोघेही इंग्रजी अमदानीतील 'सर'. परंतु ती पदवी आता कोणाच्या ध्यानीमनी नाही. स्मरणात राहिले ते त्यांचे कार्य : एकाची संस्कृत विद्येची उपासना, दुसऱ्याचे न्यायदान आणि दोघांचेही प्रार्थना समाजातील योगदान. राजसत्तेने दिलेला सन्मान विरून गेला आणि समाजाने दिलेले स्मरण पाटीवर का होईना, टिकून राहिले.

स्वतंत्र भारताने घटनेच्या अठराव्या कलमान्वये पदव्या रद्द केल्या. पुढे २ जानेवारी १९५४ रोजी 'भारतरत्न' आणि 'पद्म' सन्मानांची योजना अस्तित्वात आली. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो. ज्या राजकीय नेत्याच्या कारकिर्दीवर गंभीर आक्षेप आहेत, त्याला राष्ट्राने सर्वोच्च सन्मान द्यावा काय? २०२४ साली चौधरी चरणसिंग, पी. व्ही. नरसिंह राव आणि लालकृष्ण अडवाणी यांची नावे जाहीर झाली तेव्हाही हा वाद झाला. महाराष्ट्राला मात्र हा प्रश्न नवा नाही. १९९१ साली मोरारजी देसाई यांना भारतरत्न मिळाले, तेव्हाच तो मराठी मनासमोर उभा ठाकला होता. आणि त्याचे उत्तर मराठी समाजाने आजवर मनातल्या मनातच ठेवले आहे.

हुतात्म्यांचे ऋण

मोरारजीभाईंचे नाव निघाले की, मुंबईतील जुन्या पिढीच्या मराठी माणसाच्या कपाळावर आजही आठी उमटते, आणि ती अकारण नाही. १९५२ ते १९५६ या काळात ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलुगू, कन्नड, मल्याळी जनतेला भाषिक राज्ये देऊ करणाऱ्या त्या अहवालाने मराठी जनतेला मात्र विदर्भ वगळून गुजरातसह द्वैभाषिकात बसविले. मराठी मुलुखात असंतोषाचा भडका उडाला. २० नोव्हेंबर १९५५ ला गिरगाव चौपाटीवर स. का. पाटील आणि मोरारजी यांची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला आणि १५ जणांनी प्राण गमावले. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पेटले. त्या आठवड्यातील गोळीबारात पडलेल्यांची संख्या नोव्हेंबरातील बळींपेक्षा कितीतरी मोठी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील १०६ हुतात्मे म्हणून ज्यांचे स्मरण केले जाते, त्यांतील बहुतेक मुंबईच्या रस्त्यांवर पडले.

ते कोण होते? गिरणीत पाळी करणारे कामगार, किरकोळ नोकरी करणारे तरुण, शाळकरी मुले. परळ-लालबागच्या चाळींमधून अशा घरांच्या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. प्रशासनाचा प्रमुख या नात्याने या गोळीबारांची नैतिक जबाबदारी मोरारजींवर येते, आणि ती त्यांच्यावरून कोणालाही काढून घेता येणार नाही. याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. सत्तेत राहूनही दुसरा मार्ग उपलब्ध होता, याचा हा जिवंत पुरावा होय.

तथापि एक गोष्ट मराठी माणसाने प्रांजळपणे लक्षात घ्यावयास हवी. मोरारजी गुजराती होते म्हणून त्यांनी मराठी माणसावर गोळ्या चालविल्या, असे समीकरण अनेकांच्या मनात घट्ट रुजले आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. द्वैभाषिकाचा निर्णय झाल्यावर ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत महागुजरात आंदोलन उसळले. तेथेही काँग्रेस भवनासमोर गोळीबार झाला आणि गुजराती विद्यार्थी मारले गेले. तेव्हाही मुख्यमंत्री मोरारजीच होते. ते उपोषणाला बसले, तर त्यांच्या सभेकडे अहमदाबादकरांनी पाठ फिरविली आणि स्वयंस्फूर्त 'जनता कर्फ्यू' पाळला. मोरारजींचा दोष भाषिक द्वेषाचा नव्हता. आपल्याला पटलेले तेच सत्य आणि त्याच्या आड येणारा तो बंडखोर, अशी ती अहंमन्य कर्तव्यकठोरता होती. माटुंग्यात शेजारी-शेजारी राहणाऱ्या मराठी आणि गुजराती कुटुंबांनी हे ध्यानी घेतले, तर या जखमेवरील एक जुनी, विषारी पट्टी तरी गळून पडेल. मुंबईतील आणि अहमदाबादेतील हुतात्मे एकाच राजवटीचे बळी होते.

पारड्याची दुसरी बाजू

आता तराजूचे दुसरे पारडे पाहावयास हवे. २६ जून १९७५ च्या पहाटे मोरारजींना अटक झाली, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. त्याआधी एप्रिलमध्येच गुजरातेत निवडणुका घ्याव्यात म्हणून त्यांनी बेमुदत उपोषण केले होते आणि इंदिरा सरकारला नमते घ्यावयास लावले होते. अटकेनंतर सुमारे १९ महिने ते हरियाणात स्थानबद्ध होते. क्षमायाचना नाही, तडजोड नाही. १८ जानेवारी १९७७ ला सुटका झाली आणि सुमारे दोन महिन्यांत, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते देशाचे पहिले बिगरकाँग्रेसी पंतप्रधान झाले.

ते १९ महिने ज्या घरांनी सोसले, त्यांना त्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. येरवडा, नाशिक रोड, ठाणे येथील कारागृहे भरली. घरचा कर्ता पुरुष 'मिसा'खाली आत आणि घरी चूल कशी पेटवावी ही विवंचना, असे दिवस दादर-माटुंग्यातील कित्येक कुटुंबांनी काढले. मार्च १९७७ मध्ये बंदी उठली, कैदी घरी आले, वृत्तपत्रांवरील नियंत्रण संपले.

मोरारजी सरकारचे चिरस्थायी कार्य मात्र याहून पुढचे आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदीतील 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले. मंत्रिमंडळाच्या लेखी शिफारशीवाचून राष्ट्रपतींना आणीबाणी घोषित करता येणार नाही, असे ठरले. आणीबाणीतही नागरिकाचा जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. १९७५ ची पुनरावृत्ती करावयाची झाल्यास आज जे कुलूप तोडावे लागेल, ते या सरकारने बसविले आहे.

मोरारजींवर आणखीही आक्षेप आहेत. त्यांनी गुप्तचर यंत्रणेचे पंख छाटले, ही टीका राष्ट्रवादी वर्तुळात सातत्याने होते. १९९० साली त्यांनी पाकिस्तानचा 'निशान-ए-पाकिस्तान' स्वीकारला, तोही अनेकांना रुचला नाही. अर्थमंत्री असताना आणलेल्या सुवर्ण नियंत्रणाने सोनारांच्या पेढ्यांवर संक्रांत आली. या आक्षेपांवर वाद घालता येईल. परंतु त्यांची जात धोरणविषयक मतभेदाची आहे. मराठी घरांतील माणसे ज्यात गेली, त्या गोळीबाराच्या पंक्तीत त्यांना बसविता येणार नाही.

ज्याने सन्मान रद्द केले, त्याचाच सन्मान

या कथेत नियतीचा एक विनोदही आहे. आचार्य कृपलानींनी १९६९ साली हे नागरी सन्मान रद्द करावेत म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले. १९७७ साली पंतप्रधान मोरारजींनी मात्र ते सन्मान प्रत्यक्षात बंद केले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर येताच त्यांचे पुनरुज्जीवन झाले. आणि ज्या सन्मानाला मोरारजींनी लोकशाहीत अनावश्यक मानले, तोच सन्मान ९५ व्या वर्षी त्यांच्या हाती आला. त्यांनी तो घेतला. तत्त्वनिष्ठेचा डंका वाजविणाऱ्या या पुरुषाने तेथे तत्त्व का सोडले, असे विचारणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हे सन्मान म्हणजे घटनेने निषिद्ध केलेल्या पदव्या नव्हेत. मात्र ते नावापुढे किंवा नावामागे लावता येणार नाहीत. मोरारजी त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवर्तले होते. सन्मानांचे अस्तित्व वैध ठरले. ते कोणाला आणि कशासाठी द्यावेत, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

१९९१ ची यादी त्या दृष्टीने बोलकी आहे. त्या वर्षी मोरारजींसमवेत सरदार पटेल आणि राजीव गांधी यांनाही भारतरत्न मिळाले, दोघांनाही मरणोत्तर. पटेलांच्या निधनाला ४० वर्षे उलटून गेली होती. राजीवजींच्या हत्येला दोन महिनेही झाले नव्हते. एकाला चार दशकांनी, दुसऱ्याला शोकाचे अश्रू वाळण्याआधी. बाबासाहेब आंबेडकरांनाही १९९० पर्यंत, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर ३३ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. नेहरूंना १९५५ साली आणि इंदिराजींना १९७१ साली पंतप्रधानपदावर असतानाच हा सन्मान मिळाला. एम. जी. रामचंद्रन यांना निधनानंतर लगेच, १९८८ साली मिळाला. पुढच्याच वर्षी तमिळनाडूत निवडणुका होत्या. आणि अलीकडचे बोलायचे तर, लोकसभा निवडणुकीच्या वर्षात, २०२४ साली, एकदम पाच भारतरत्ने जाहीर झाली. त्या पाचांपैकी एकाचेही कर्तृत्व उणे नव्हते. परंतु मुहूर्तावरून शंका घेतली गेली, आणि तशी शंका घेण्यास वाव मिळू देणे, हे सन्मानाचे अवमूल्यनच होय. काँग्रेसने केले ते राजकारण आणि आपल्या माणसांनी केले ती गुणग्राहकता, असे म्हणणाऱ्याचा युक्तिवाद चौकातही टिकत नाही.

तराजू एकच हवा

वादग्रस्त नेत्यांविषयी साधारणपणे दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एक म्हणते, ज्याच्या हाताला डाग आहे त्याला सन्मान नको. दुसरी म्हणते, झाले गेले गंगेला मिळाले, जुनी मढी उकरू नका. पहिली भूमिका स्वीकारली तर राज्य चालविलेला एकही माणूस सन्मानास पात्र उरणार नाही. दुसरी स्वीकारली तर सन्मान हे विस्मरणाचे औषध ठरेल.

मराठी समाजाने यातून एक तिसरी वाट पूर्वीच चोखाळलेली आहे. एस. एम. जोशी हे संयुक्त महाराष्ट्र समितीचे अध्वर्यू. मोरारजींच्या राजवटीशी ते प्राणपणाने लढले. त्याच एस. एम. नी १९७७ साली मोरारजी ज्या पक्षाचे नेते होते, त्या जनता पक्षाची महाराष्ट्रातील धुरा वाहिली. मुंबईनेही तेच केले. १९५६ च्या गोळ्या न विसरलेल्या या शहराने १९७७ मध्ये लोकसभेच्या सहाही जागा काँग्रेसकडून काढून घेतल्या आणि मोरारजींच्या पंतप्रधानपदाचा मार्ग मोकळा केला. हुतात्म्यांची घरे मोरारजींना क्षमा करावयास बांधील नव्हती आणि त्यांनी ती केली असे कोणी म्हणू नये. त्यांनी एवढेच केले की, एका कृत्याचा हिशेब दुसऱ्या कृत्यात मिसळला नाही. विवेक तो हाच.

या विवेकाची खरी कसोटी मात्र आपल्या श्रद्धास्थानांपाशी लागते. स्वातंत्र्यवीर सावरकरांना भारतरत्न मिळावे, ही मागणी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होत आहे. अटलजींच्या सरकारने २००० साली तशी शिफारस केली, पण राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्याकडून पुढे काही झाले नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आपल्या संकल्पपत्रात तिचा समावेश केला. २०२४ पर्यंतच्या यादीत मात्र सावरकरांचे नाव नाही.

येथे माटुंग्याचा एक धागा येऊन मिळतो. रुईया महाविद्यालयात प्रा. जगदीशचंद्र जैन अध्यापन करीत असत. गांधीजींच्या जिवाला धोका असल्याचे मदनलाल पाहवाच्या बोलण्यातून त्यांना कळले होते. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीतील प्रार्थनासभेत स्फोट झाला, मदनलाल पकडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी जैन यांनी ही माहिती बाळासाहेब खेर आणि तत्कालीन गृहमंत्री मोरारजी यांच्या कानी घातली. मोरारजींनी पोलीस अधिकारी नगरवाला यांना करकरेला पकडण्याचे आणि सावरकरांच्या घरावर नजर ठेवण्याचे आदेश दिले. ३० जानेवारीची हत्या तरीही टळली नाही. पुढे खटला चालला आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये विशेष न्यायालयाने सावरकरांना निर्दोष मुक्त केले. सरकारने त्यांच्या सुटकेविरुद्ध अपील केले नाही. १९६९ साली कपूर आयोगाच्या अहवालाने मात्र त्यांच्याविषयी प्रतिकूल निष्कर्ष नोंदविला. न्या. कपूर यांनी कामाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सावरकर हयात नव्हते. त्यांची बाजू मांडली जाणे शक्य नव्हते. न्यायालयाचा निर्णय आणि आयोगाचे मत यांचे वजन सारखे नसते, हे खरेच. परंतु सावरकरांचा सन्मान मागणाऱ्याने कपूर आयोगाचे नाव ऐकताच कानांवर हात ठेवणे, हेही शोभादायक नाही. अंदमानातील दहा वर्षांची यातना, रत्नागिरीचे पतितपावन मंदिर, अस्पृश्यता निवारणाचे कार्य हे सारे इतके भक्कम आहे की, त्याला आक्षेप झाकण्याची गरजच नाही.

सावरकरांचे मूल्यमापन एका आरोपावरून करू नका, समग्र जीवनावरून करा, असे जो म्हणतो, त्याला मोरारजींचे मूल्यमापन केवळ फ्लोरा फाउंटनवरून करता येणार नाही. आणि जो मोरारजींच्या गोळीबाराचा हिशेब मागतो, त्याने आपल्या आराध्याविषयी विचारलेल्या प्रश्नालाही सामोरे जावयास हवे. नरसिंह रावांच्या बाबतीतही हेच. १९९१ च्या आर्थिक परिवर्तनाचे श्रेय त्यांना देताना, १९८४ च्या दिल्लीतील शीख हत्याकांडाच्या वेळी ते देशाचे गृहमंत्री होते, हे सांगणे म्हणजे त्यांचा अवमान नव्हे. दुसऱ्यासाठी एक माप आणि आपल्यासाठी दुसरे, हा वाण्याचा काटा झाला. तो न्यायाचा तराजू नव्हे.

सन्मानाला कारण हवे

तेव्हा मोरारजी भारतरत्नास पात्र होते काय? होते. मुंबईचे मुख्यमंत्री म्हणून नव्हे, आणि माजी पंतप्रधान म्हणूनही नव्हे. पंतप्रधानपद हे काही निवृत्तिवेतनाप्रमाणे भारतरत्नाचा हक्क मिळवून देत नाही. ७९ व्या वर्षी हुकूमशाहीपुढे न वाकलेला सत्याग्रही आणि आणीबाणीच्या दाराला कुलूप लावणारा राज्यकर्ता म्हणून ते पात्र होते. चूक झाली ती सन्मान देण्यात नव्हे, तो कशासाठी हे न सांगण्यात. कारण सांगितले गेले नाही, म्हणून मुंबईतील हुतात्म्यांच्या घरांना असे वाटले की, दिल्लीने १९५६ वरही पसंतीची मोहोर उठविली.

यावर उपाय दुष्कर नाहीत. पद्म सन्मानांसाठी दरवर्षी समिती नेमली जाते. भारतरत्नाची शिफारस मात्र पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे करतात. येथेही पक्षातीत मंडळ असावे. राजकीय व्यक्तीच्या निवृत्तीनंतर किंवा निधनानंतर किमान काही वर्षे जाऊ द्यावीत आणि निवडणुकीच्या वर्षात राजकीय नाव घेऊच नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घोषणेसमवेत सविस्तर कारणपत्र प्रसिद्ध व्हावे. त्यात कोणत्या कार्यासाठी हा गौरव, हे लिहावे. आणि ज्या कृत्याविषयी समाजाच्या मनात जखम आहे, त्याचा उल्लेखही टाळू नये. न्यायालयात गुन्हा सिद्ध होणे ही गोष्ट अर्थातच वेगळी. फ्रान्सने माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांचा 'लेजियां द ऑनर' भ्रष्टाचाराच्या शिक्षेनंतर २०२५ साली काढून घेतला. भारतरत्नाच्या नियमांतही राष्ट्रपतींना सन्मान रद्द करण्याचा अधिकार आहे. दोषसिद्धी झाल्यास तो वापरण्याचे धैर्यही हवे.

फ्लोरा फाउंटनपाशी उभारलेल्या स्मारकात शेतकरी आणि कामगार हाती मशाल घेऊन उभे आहेत. दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला तेथे फुले वाहिली जातात, आणि ती फुले पुष्कळदा माटुंगा-दादरच्या बाजारातून आलेली असतात. त्या हुतात्म्यांना राष्ट्राने कोणतेही पदक दिले नाही. समाजाने मात्र चौकाचेच नाव बदलून टाकले. मोरारजींचे भारतरत्न ते नाव पुसू शकत नाही, आणि ते पुसावे अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. त्याचप्रमाणे त्या चौकातील रक्ताने त्यांच्या १९ महिन्यांच्या स्थानबद्धतेचे मोल शून्य होत नाही. घरातील नातवाने उद्या विचारलेच, तर त्याला दोन्ही तारखा सांगाव्यात : २१ नोव्हेंबर १९५५ आणि २६ जून १९७५. एकच तारीख सांगणाऱ्याने अर्धाच इतिहास हाती दिला, असे होईल.